'ॲशेस' : एका नामाची आणि एका वस्तूची उत्पत्ती

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया ह्या दोन देशांमधील क्रिकेटच्या कसोटी सामन्यांत जे मानचिन्ह पणास लागते, ते 'ॲशेस' ह्या नावाने सर्वश्रुत आहे. ह्या नावाचा वाच्यार्थ 'रक्षा', म्हणजे मृताच्या दहनानंतर मागे उरणारी राख, असा आहे. क्रीडाक्षेत्रातील इतर मानचिन्हांची नावे पाहिली असता त्यांचे बहुधा दोन वर्ग पडतात. काहींना दात्याचे नाव मिळालेले असते, जसे ऑस्ट्रेलियातील शेफील्ड शील्ड. तर काहींना ज्याच्या स्मरणार्थ ते देण्यात येते त्याचे नाव असते, जसा आपल्याकडील रणजी करंडक. दोन्ही वर्गांत कोणी तरी द्रव्य देतो, कारागीर एखादे पात्र किंवा ढाल घडवितो आणि त्या घडविलेल्या वस्तूला नाव दिले जाते. 'ॲशेस'च्या बाबतीत हा क्रम उलटा झालेला आहे. तेथे प्रथम एका विनोदी मजकुरात नाम अवतरले. त्या नामाला शोभेल अशी वस्तू काही महिन्यांनी निर्माण झाली. आणि त्या वस्तूचा व नामाचा संबंध लोकमानसात पक्का होण्यास पुढे चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. शब्द आणि पदार्थ ह्यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला इतके स्पष्ट, आणि ज्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याची तिथी सांगता येते असे, उदाहरण सहसा मिळत नाही.

प्रचलित आख्यायिका अशी की, १८८२ साली ओव्हलच्या मैदानावर इंग्लंडचा पराभव होताच तेथील यष्ट्या जाळण्यात आल्या, त्यांची राख एका कलशात भरण्यात आली आणि विजयी ऑस्ट्रेलियन संघ तो कलश घेऊन स्वदेशी परतला. ही कथा सुटसुटीत आहे. परंतु तिच्यातील एकही विधान उपलब्ध पुराव्यास उतरत नाही. ओव्हलवर काही जाळले गेले नाही. त्या वर्षी कलश नव्हता. आणि जो कलश पुढे झाला तो ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेला, इंग्लंडातून ऑस्ट्रेलियाला नव्हे. आख्यायिकेने वस्तूला नामाच्या आधी नेऊन बसविले आहे, कारण वस्तू आधी आणि नाम मागाहून हाच क्रम सामान्य मनाला स्वाभाविक वाटतो.

ज्या सामन्यातून हे सारे उद्भवले तो लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर १८८२ च्या ऑगस्ट महिन्याच्या २८ व २९ तारखांस झाला. ऑस्ट्रेलियाने १८७७ साली मेलबर्न येथे इंग्लिश संघास ४५ धावांनी हरविले होते; परंतु प्रत्यक्ष इंग्लंडच्या भूमीवर झालेला १८८० चा सामना इंग्लंडनेच जिंकला होता, आणि मायभूमीवर आपला पूर्ण संघ अजिंक्य आहे ही समजूत तोवर अबाधित होती. ओल्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव अवघ्या ६३ धावांत आटोपला. इंग्लंडने १०१ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी ह्यू मॅसीने धडाक्याने काढलेल्या ५५ धावांमुळे ऑस्ट्रेलियाची धावसंख्या १२२ पर्यंत गेली. ह्याच डावात एक प्रसंग घडला. सॅमी जोन्स हा तरुण फलंदाज एक धाव पूर्ण करून, चेंडू आता खेळात नाही अशा समजुतीने, खेळपट्टीवरील उंचवटा थोपटण्यास आपली रेषा सोडून पुढे गेला, आणि डब्ल्यू. जी. ग्रेसने त्याला धावबाद केले. नियमानुसार त्यात चूक नव्हती. सौजन्याच्या दृष्टीने मात्र ती गोष्ट ऑस्ट्रेलियनांना अत्यंत बोचली, आणि फ्रेडरिक स्पॉफर्थ हा त्यांचा गोलंदाज क्रुद्ध होऊनच शेवटच्या डावासाठी मैदानात उतरला असे सर्व वृत्तांत सांगतात.

इंग्लंडला विजयासाठी ८५ धावा हव्या होत्या. दोन गडी बाद ५१ अशी सुस्थिती असता ग्रेस व युलियेट ही जोडी फुटली, आणि तेथून सारा डाव ७७ धावांत कोसळला. स्पॉफर्थने दोन्ही डावांत प्रत्येकी सात, म्हणजे एकूण ९० धावांत चौदा बळी घेतले. शेवटचा फलंदाज टेड पीट हा हॅरी बॉइलच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाला. समोरच्या टोकाला सी. टी. स्टड हा नामवंत फलंदाज एकही चेंडू खेळावयास न मिळता शून्यावर नाबाद उभा होता. पराभव सात धावांचा होता. पीटचे नाव येथे मुद्दाम लक्षात ठेवावयाचे, कारण पुढील भाषिक इतिहासात त्याला अल्पकाळ का होईना एक स्थान मिळाले.

सामन्यानंतर चार दिवसांच्या आत दोन निरनिराळ्या नियतकालिकांत ह्या पराभवावर दोन उपहासात्मक मृत्युलेख छापून आले. सामान्यतः ह्यांपैकी दुसऱ्याचाच उल्लेख केला जातो. परंतु दोहोंची तुलना केल्याशिवाय दुसऱ्याचे वैशिष्ट्य ध्यानात येत नाही.

पहिला मृत्युलेख ३१ ऑगस्ट रोजी चार्ल्स ऑलकॉक ह्यांच्या 'क्रिकेट : अ वीकली रेकॉर्ड ऑफ द गेम' ह्या साप्ताहिकात आला. थडग्यावरील शिलालेखाची शैली धारण करून त्याने क्रिकेटच्या मैदानावरील इंग्लंडचे वर्चस्व २९ ऑगस्ट रोजी ओव्हल येथे निवर्तल्याचे जाहीर केले, आणि शेवटी एक श्लेष साधला. इंग्रजी मृत्युलेखांत मृताचा अंत शांततेत झाला, अशा आशयाचे एक ठरीव वाक्य असे. त्यातील 'पीस', म्हणजे शांती, ह्या शब्दाच्या जागी लेखकाने 'पीट' हे शेवटच्या फलंदाजाचे नाव घातले. त्या आठवड्यात इंग्लंडातील कोणत्याही वाचकाला ह्यावर हसू आले असेल. परंतु श्लेष जेव्हा एका व्यक्तिनामावर उभा असतो, तेव्हा त्याचे आयुष्य त्या नावाच्या प्रसिद्धीइतकेच असते. पीट विस्मृतीत गेला आणि त्याच्याबरोबर हा विनोदही गेला. आज टीप दिल्यावाचून तो कळत नाही.

दुसरा मृत्युलेख २ सप्टेंबर रोजी 'स्पोर्टिंग टाइम्स' ह्या, गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या व चटकदार मजकुराबद्दल प्रसिद्ध असलेल्या, पत्रात आला. त्याचा लेखक रेजिनल्ड शर्ली ब्रुक्स हा होता. ह्या मजकुरात इंग्लिश क्रिकेटचे २९ ऑगस्ट १८८२ रोजी ओव्हल येथे निधन झाल्याचे, आणि शोकाकुल मित्रांचा व परिचितांचा मोठा समुदाय त्याबद्दल हळहळत असल्याचे, रूढ शब्दांत सांगितले होते. तेथपर्यंत हा लेख पहिल्याहून फारसा वेगळा नाही. किंबहुना श्लेषाच्या अभावी काहीसा सपाटच म्हणावा लागेल. त्याचे सारे सामर्थ्य खाली जोडलेल्या एका ताजा कलमात आहे. त्यात असे कळविले होते की, मृतदेहाचे दहन करण्यात येईल आणि रक्षा ऑस्ट्रेलियास नेण्यात येईल.

ह्या वाक्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मृत्युलेखाचा मुख्य भाग भूतकाळात असतो : अमुक जण वारला. ताजा कलम मात्र भविष्यकाळात असतो, कारण अंत्ययात्रा कोठून निघेल, प्रार्थना कोठे होईल, ह्या व्यवस्थेची माहिती देणे हे त्याचे काम. आपल्याकडील वृत्तपत्रांतील निधनवार्तांतही ही विभागणी दिसते. ब्रुक्सने ही रूढी जशीच्या तशी उचलली. परंतु त्यामुळे एक अनपेक्षित परिणाम झाला. पहिल्या लेखात घटना पूर्ण झालेली होती. वर्चस्व संपले, शिलालेख कोरला गेला, पुढे सांगण्यासारखे काही उरले नाही. दुसऱ्या लेखात घटना अपुरी आहे. काही तरी उचलून कोठे तरी नेले जाणार आहे. 'मृत्यू' ह्या भाववाचक कल्पनेच्या जागी एक स्थानांतरक्षम पदार्थ आला, आणि त्याच्याबरोबर 'नेणे' हे क्रियापद आले. जेथे 'नेणे' आहे तेथे 'परत आणणे' हे ओघानेच संभवते. 'ॲशेस'ची सारी पुढील कथा ह्या दोन क्रियापदांच्या जोडीतून निघाली आहे. मृत्यूची कल्पना दोन्ही लेखकांना सुचली होती. वहनाची कल्पना एकालाच सुचली, आणि तीच टिकली.

दहनाचा उल्लेख त्या काळच्या इंग्रज वाचकाला कसा वाटला असेल, हेही येथे समजून घेतले पाहिजे. मराठी वाचकाला प्रेतदहनात नवल काहीच नाही. त्याला राखेचा उल्लेख हा मृत्युलेखाचा स्वाभाविक शेवट वाटेल. १८८२ च्या इंग्लंडात परिस्थिती अगदी निराळी होती. तेथे दफन हाच सर्वसंमत विधी होता. दहनाचा पुरस्कार करणारी संस्था सर हेन्री टॉम्पसन ह्यांच्या नेतृत्वाखाली १८७४ साली स्थापन झाली होती, आणि वोकिंग येथे तिने भट्टीही उभारली होती; परंतु १८७९ साली तेथे चाचणीसाठी एका घोड्याचे दहन झाल्यानंतर स्थानिक लोकांनी विरोध केला आणि गृहमंत्र्यांनी माणसांच्या दहनास मनाई केली. दहन हे कायद्याविरुद्ध नाही, असा निर्णय १८८४ साली, वेल्समधील डॉ. विल्यम प्राइस ह्यांच्या खटल्यात, प्रथम मिळाला. वोकिंग येथे पहिले मानवी दहन १८८५ साली झाले आणि त्याविषयीचा स्वतंत्र कायदा १९०२ साली आला. म्हणजे ब्रुक्सने ज्या दिवशी हे वाक्य लिहिले त्या दिवशी दहन हा इंग्लंडात एक वादग्रस्त, किंचित धक्कादायक आणि अत्याधुनिक विषय होता. शिवाय लेखकाचे वडील शर्ली ब्रुक्स, हे 'पंच' ह्या विनोदी साप्ताहिकाचे संपादक, टॉम्पसन ह्यांच्या १८७४ च्या मूळ जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. सही केल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. मुलाने आठ वर्षांनंतर क्रिकेटच्या निमित्ताने दहनाचा उल्लेख करावा ह्यात घरातील त्या वादाचा पडसाद असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

अर्थात 'ॲशेस' ह्या शब्दाला इंग्रजीत जुना धार्मिक स्तरही होता. अँग्लिकन दफनविधीच्या प्रार्थनेत माती, राख आणि धूळ ह्यांची जोडनामे येतात, आणि ती प्रत्येक इंग्रजाच्या कानावर असतात. परंतु तेथे राख ही मनुष्यदेहाच्या नश्वरतेचे प्रतीक आहे. ती कोणी पेटीत भरून जहाजाने नेत नाही. प्रार्थनेने शब्दाला गांभीर्य दिले होते. नव्या दहनवादाने त्याला वजन, आकार आणि वाहून नेण्याजोगे शरीर दिले. विनोद ह्या दोहोंच्या सांध्यावर उभा आहे.

ह्या वाक्याला उत्तर मिळण्यास फार वेळ लागला नाही. त्याच वर्षीच्या शरद्ऋतूत सन्माननीय आयव्हो ब्लाय ह्यांच्या नेतृत्वाखाली एक इंग्लिश संघ 'पेशावर' नावाच्या जहाजाने ऑस्ट्रेलियास निघाला. हा दौरा ओव्हलच्या सामन्यापूर्वीच ठरलेला होता. परंतु आता त्याला नवा अर्थ प्राप्त झाला. आपण रक्षा परत आणण्यास आलो आहोत, असे ब्लाय ह्यांनी तेथील समारंभांतून बोलून दाखविले आणि ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी ती उक्ती उचलून धरली. येथे शब्दाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा येतो. ब्रुक्सच्या वाक्यात 'रक्षा' हा एका रूपकाचा अवयव होता; मृतदेह, दहन आणि रक्षा ही तिन्ही एकत्र असल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. ब्लाय ह्यांच्या तोंडी मृतदेह आणि दहन गळून पडले. केवळ 'ती रक्षा', निश्चित उपपदासह, उरली आणि कशाची रक्षा हे विचारण्याची गरज कोणास वाटली नाही.

मर्डॉकच्या ज्या ऑस्ट्रेलियन संघाने ओव्हल जिंकले होते, त्याच्याविरुद्ध तीन सामने झाले. मेलबर्नचा पहिला सामना ऑस्ट्रेलियाने नऊ गडी राखून जिंकला. मेलबर्नचाच दुसरा इंग्लंडने एक डाव आणि २७ धावांनी जिंकला. सिडनीचा तिसरा सामना ३० जानेवारी १८८३ रोजी संपला व तोही इंग्लंडने ६९ धावांनी जिंकला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या संमिश्र संघाशी आणखी एक सामना सिडनी येथे झाला आणि तो ऑस्ट्रेलियाने जिंकला. पण रक्षा परत मिळविण्याची पैज मर्डॉकच्या संघाशी होती, त्यामुळे ह्या चौथ्या सामन्याने निकालास बाध आला असे कोणी मानले नाही. नियम कोठेही लिहिलेले नव्हते. पैज शब्दांची होती, आणि ती शब्दांच्या अर्थानेच निकालात निघाली.

कलशाचा उगम ह्याच दौऱ्यात आहे. मेलबर्नजवळ सनबरी येथे सर विल्यम क्लार्क ह्यांची रूपर्ट्सवूड नावाची प्रशस्त हवेली होती. क्लार्क दांपत्य त्याच 'पेशावर' जहाजावरून मायदेशी परतत होते. त्या ओळखीमुळे इंग्लिश खेळाडूंचे रूपर्ट्सवूड येथे वारंवार आतिथ्य झाले. १८८२ च्या नाताळाच्या सुमारास तेथे घरगुती स्वरूपाचा एक सामना खेळला गेला आणि त्या प्रसंगी लेडी क्लार्क व त्यांच्या मैत्रिणींनी थट्टेने एक लहानसा कलश ब्लाय ह्यांना दिला, अशी तेथील परंपरा आहे. स्वतः ब्लाय ह्यांनी मात्र उत्तरायुष्यात असे सांगितले की, तिसऱ्या सामन्यानंतर मेलबर्नच्या काही स्त्रियांनी थोडी रक्षा एका लहान कलशात घालून आपणास दिली. दोन्ही कथनांत पाच-सहा आठवड्यांचे अंतर पडते. भेट एकदा दिली गेली असेल आणि विजयानंतर तिला औपचारिक रूप मिळाले असेल, असा समन्वय काहींनी सुचविला आहे. ह्या वादात एक लेखी पुरावा उपयोगी पडतो : 'मेलबर्न पंच' ह्या साप्ताहिकाच्या १ फेब्रुवारी १८८३ च्या अंकात एक विनोदी पद्य प्रसिद्ध झाले, आणि त्यात आयव्हो कलश घेऊन परत जातील तेव्हा त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे स्वागत होईल, अशी कल्पना होती. सिडनीचा सामना संपल्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते. म्हणजे इतक्या लवकर 'कलश' हा शब्द मेलबर्नच्या वाचकांना परिचित झालेला होता. त्या पद्यातील सहा ओळी कापून पुढे कलशावरच चिकटविण्यात आल्या व त्या आजही तेथे आहेत. वस्तूने आपल्या जन्माचा दाखला स्वतःच्या अंगावर वागवावा, असा हा प्रकार आहे.

कलश भाजलेल्या मातीचा असून त्याची उंची सुमारे ११ सेंटिमीटर आहे. ज्यांनी केवळ चित्र पाहिलेले असते त्यांना त्याच्या लहानपणाचे नेहमीच आश्चर्य वाटते. ह्याच दौऱ्यात ॲन फ्लेचर ह्या बाईंनी तो ठेवण्यासाठी मखमलीची एक लहान पिशवी शिवून दिली. कलशात नक्की कशाची राख आहे ह्याविषयी एकमत नाही. यष्टीवर ठेवावयाची एक बेल जाळून ती राख आत घातली, हे मत सर्वाधिक रूढ आहे. परंतु १९९८ साली ब्लाय ह्यांच्या वृद्ध सुनेने ती आपल्या सासूच्या बुरख्याची राख असल्याचे सांगितले. ही सासू म्हणजे फ्लॉरेन्स मॉर्फी, रूपर्ट्सवूड येथे संगीत शिकविणारी तरुणी; तिच्याशी ब्लाय ह्यांचा विवाह १८८४ च्या फेब्रुवारीत झाला. राख कशाची ह्या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. नामाच्या दृष्टीने तो प्रश्न गौणच मानला पाहिजे, कारण मूळ वाक्यातील रक्षा ज्या देहाची होती तो देहच काल्पनिक होता. (क्रिकेटच्या यष्ट्या परंपरेने ज्या झाडाच्या लाकडाच्या करतात त्याला इंग्रजीत 'ॲश' असेच नाव आहे. त्यामुळे काही हौशी लेखकांनी नावाची व्युत्पत्ती तेथे शोधली. परंतु वृक्षवाचक 'ॲश' आणि राखवाचक 'ॲश' हे शब्द मुळात वेगळे असून त्यांचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.)

येथून पुढे अपेक्षा अशी असावी की, नाम आणि वस्तू दोन्ही सिद्ध झाल्यावर त्यांचा प्रवास एकत्र झाला. तसे झाले नाही. ब्लाय कलश घेऊन इंग्लंडास गेले आणि तो त्यांच्या घरात खाजगी स्मृतिचिन्ह म्हणून राहिला. पुढे ते डार्नलीचे अर्ल झाल्यावर केंटमधील कॉबहॅम हॉल ह्या वाड्यात तो होता. क्रिकेट खेळणाऱ्या दोन देशांशी त्याचा काही संबंध राहिला नाही. नामही जवळजवळ वीस वर्षे मंदावले. १८९६ साली मँचेस्टर येथे रणजितसिंहजींनी आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६२ व नाबाद १५४ धावा केल्या. आजच्या कोष्टकांत तो 'ॲशेस'चा सामना म्हणून दाखविला जातो, पण त्या वेळच्या प्रेक्षकांच्या ओठांवर तो शब्द क्वचितच असेल. 'कसोटी सामना' ही संज्ञादेखील पूर्वीच्या सामन्यांना मागाहूनच लागू झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्लॅरेन्स मूडी ह्या पत्रकाराने १८९४ च्या आपल्या पुस्तकात कोणते सामने ह्या संज्ञेस पात्र धरावे ह्याची यादी दिली आणि ती सर्वमान्य झाली. ओव्हलचा १८८२ चा सामना ज्यांनी खेळला त्यांना आपण पुढे अमुक क्रमांकाची 'कसोटी' ठरणार आहोत हे ठाऊक नव्हते. क्रिकेटच्या इतिहासात अशी पश्चाद्वर्ती नामकरणे बरीच आहेत, आणि ती सनावळीच्या कोष्टकांत शिरली की आरंभापासूनच होती असे वाटू लागते.

शब्द मात्र अगदी लोपला नव्हता. जॉर्ज गिफन ह्या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या १८९९ च्या आठवणींत तो परिचित शब्द असल्यासारखा येतो. त्याचे खरे पुनरुज्जीवन १९०३–०४ च्या दौऱ्यात झाले. इंग्लंडचे कर्णधार पेल्हॅम वॉर्नर ह्यांनी रक्षा परत मिळविण्याचा निर्धार जाहीर केला, मालिका जिंकली, आणि १९०४ साली त्या विजयावरील आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच तो शब्द घातला. त्यानंतर तो वृत्तपत्रांनी सोडला नाही. 'विस्डेन' ह्या क्रिकेटच्या वार्षिकात त्याचा पहिला उल्लेख १९०५ च्या अंकात आढळतो. शब्दामागील कथेचा वृत्तांत मात्र तेथे १९२२ मध्ये, म्हणजे आणखी सतरा वर्षांनी, येतो. ही तफावत बोलकी आहे. शब्द वापरणाऱ्यांना त्याची कथा ठाऊक असण्याची आवश्यकता नव्हती आणि कलशाची तर मुळीच नव्हती. वॉर्नर ह्यांनी जे परत आणले ते त्या वेळी कॉबहॅम हॉलमध्ये, इंग्लंडातच, सुखरूप होते.

१९२७ साली लॉर्ड डार्नली वारले आणि त्यांच्या पत्नीने कलश मेरिलिबोन क्रिकेट क्लबच्या स्वाधीन केला. तेव्हापासून नाम आणि वस्तू ह्यांची गाठ सार्वजनिकरीत्या पडली. १९५३ पासून तो लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे. तरीही तो कधी करंडक झाला नाही. मालिका कोणीही जिंको, कलश लॉर्ड्स येथेच राहतो. १९८८ साली व पुन्हा २००६–०७ च्या मोसमात तो ऑस्ट्रेलियात प्रदर्शनासाठी नेण्यात आला, पण विजेत्याचे पारितोषिक म्हणून नव्हे. विजेत्याने हाती घ्यावे असे काही असले पाहिजे ही गरज अखेर १९९८–९९ च्या मालिकेपासून वॉटरफर्डच्या स्फटिकाची प्रतिकृती देऊन भागविण्यात आली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र रक्षा दोन गोलार्धांमधून सतत ये-जा करीत असते. मालिका बरोबरीत सुटली तर ती ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच राहते. आव्हान-करंडकांचा हा सर्वसाधारण संकेत आहे हे खरे. परंतु येथे तो रुजण्यास मूळ वाक्यही अनुकूल होते. जी वस्तू एका देशाला नेली आहे ती परत आणल्याशिवाय तेथून हलत नाही, एवढेच त्यात गृहीत आहे.

स्त्रियांच्या क्रिकेटमध्ये हाच क्रम पुन्हा घडला. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया ह्यांच्या स्त्री-संघांत १९३४–३५ पासून कसोटी सामने होत होते. १९९८ साली त्यांच्या मालिकेलाही 'ॲशेस' हे नाव द्यावयाचे ठरले, आणि त्यासाठी लॉर्ड्स येथे स्वाक्षऱ्या केलेली एक बॅट जाळून तिची राख पोकळ लाकडी चेंडूत ठेवण्यात आली. ११६ वर्षांपूर्वीच्या थट्टेतील दहन येथे विधिपूर्वक करण्यात आले. नाव हाताशी होते, म्हणून अग्नी पेटवावा लागला.

हे नाव मराठीत अनुवादित का झाले नाही, हा प्रश्न वरील विवेचनाशी निगडित आहे. मराठीला राखेचे दारिद्र्य नाही. चुलीतील ती राख, भांडी वा दात घासावयाची ती राखुंडी, देवाची ती विभूती वा अंगारा, यज्ञातील ते भस्म आणि चितेवरील ती रक्षा, असे अर्थभेद भाषेने काटेकोरपणे राखले आहेत. इंग्रजीत 'ॲश' हे एकवचन आणि 'ॲशेस' हे अनेकवचन एवढ्या फरकावर जे भागते त्यासाठी येथे स्वतंत्र शब्द आहेत. अडचण शब्दाची नसून क्रियापदाची आहे. मराठी समाजात तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात, आणि अस्थी व रक्षा नाशिकला वा काशीला नेतात ते विसर्जनासाठी. नेलेली रक्षा कोणी परत आणीत नाही. परत आणणे ही कल्पनाच अमंगल आहे. 'नेणे' आणि 'परत आणणे' ह्या ज्या जोडीवर इंग्रजी नाव उभे आहे, तिचा दुसरा पाय मराठीत टेकत नाही. 'राख जिंकली' असे लिहावे तर 'राखरांगोळी'ची छाया पडून विजयाचा पराजय होतो. म्हणून मराठी वृत्तपत्रांनी 'ॲशेस' हा शब्द तसाच ठेवला, ह्यात त्यांचा आळस नसून औचित्यबुद्धी आहे.

ठेवताना त्यांनी त्याचे व्याकरण मात्र बदलले. इंग्रजीतील अनेकवचनी प्रत्यय मराठीत शब्दाच्या अंगात जिरून गेला, आणि बहुधा 'मालिका' ह्या अध्याहृत शब्दाच्या ओढीने 'ॲशेस' हे स्त्रीलिंगी एकवचनी नाम झाले : ॲशेस जिंकली, ॲशेस गमावली, ॲशेस राखली. ह्यांतील शेवटच्या प्रयोगात एक गंमत नकळत साधली आहे. 'राखणे' हे क्रियापद संस्कृत 'रक्ष्' धातूपासून आलेले आहे, आणि 'राख' हे नामही 'रक्षा' ह्याच शब्दाशी जोडले जाते. 'ऑस्ट्रेलियाने ॲशेस राखली' ह्या मथळ्यात भाषांतराने हरवलेली राख क्रियापदाच्या वाटेने परत आलेली असते. मानचिन्हासाठी मराठीने जो 'करंडक' हा शब्द योजला, त्याचीही स्थिती अशीच. संस्कृत 'करंडक' म्हणजे लहानशी पेटी, आणि मराठी 'करंडा' म्हणजे कुंकू ठेवावयाची झाकणाची डबी. रणजी करंडकासारख्या भव्य पात्रांना तो शब्द ओढूनताणूनच लागू पडतो. लॉर्ड्सच्या संग्रहालयातील वीतभरही नसलेल्या त्या झाकणाच्या मातीच्या कलशाला मात्र तो अक्षरशः शोभतो.